बॉनला असलेल्या लेकीस

चि. मुग्धा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

अंगात ताप असताना तू प्रयोगशाळेत जात राहिलीस, हे आम्हांला काल दादाच्या बोलण्यातून कळले. रागावणार नाही असे आईला कबूल करून लिहायला बसलो आहे, म्हणून तुझ्या आवडत्या विषयावरच लिहितो.

तू सांगितल्यापासून ऑटो डायटर्स या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाविषयी मिळेल ते वाचतो आहे. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना मी फळ्यावर चेतापेशी काढत आलो, एकीकडे संदेश घेणाऱ्या अनेक फांद्या म्हणजे वृक्षिका आणि दुसरीकडे संदेश पुढे नेणारा एकच लांब अक्षतंतू. हा भेद इतक्या स्पष्टपणे दाखवणारा माणूस तुझ्याच बॉनमध्ये १८३४ साली जन्मला, हे वाचून मला फार आनंद झाला. चेतापेशी रंगवून दाखवणारी गोल्जीची रंजनपद्धती १८७३ सालची, म्हणजे डायटर्सच्या हाताशी तीही नव्हती. मेरुरज्जूचा तुकडा क्रोमिक आम्लाच्या आणि पोटॅशियम डायक्रोमेटच्या विरल द्रावणात मुरवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुयांनी एकेक पेशी तिच्या तंतूंसकट सोडवायची, असे त्याचे काम. आजीच्या ओसरीवर जास्वंदीचे फूल उकलून पाकळ्या, पुंकेसर, कुक्षी कागदावर ओळीने मांडणारी तू मला आठवलीस. हाक मारली तरी जेवायला उठत नसस.

जेवतेस ना वेळेवर? डायटर्स १८६३ च्या डिसेंबरात विषमज्वराने गेला, अवघ्या २९ व्या वर्षी, आणि तुझे वयही त्याच्याच आसपास आहे. त्या काळी विषमज्वरावर औषध नव्हते, आज आहे. पण त्यासाठी डॉक्टरांकडे वेळेवर जावे लागते, ताप अंगावर काढून चालत नाही, आणि संशोधन करणाऱ्या मुलीला हे बापाने सांगावे लागू नये. हे व्याख्यान झाले, क्षमा कर.

डायटर्सचे अपुरे हस्तलिखित माक्स शुल्ट्झे यांनी संपादित करून १८६५ मध्ये प्रसिद्ध केले. वृक्षिकांना लागून असलेले अतिसूक्ष्म तंतू डायटर्सने पाहिले होते आणि ते त्याच पेशीतून निघतात असे त्याला वाटले होते. ती दुसऱ्या पेशींच्या अक्षतंतूंची टोके असावीत, हे पुढच्यांनी ओळखले. तो जगता, तर स्वतःच तिथवर पोचला असता, असे मला राहून राहून वाटते. कानातल्या केशपेशींना आधार देणाऱ्या पेशींना आणि शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मेंदूतल्या एका केंद्रकाला, म्हणजे चेतापेशींच्या समूहाला, आज त्याचे नाव आहे, हे खरे. पण त्याच्या आईला त्याचे काय होणार होते?

तू त्याच गावात, त्याच विषयात काम करतेस, हे मी भेटेल त्याला सांगतो. आई मला त्यावरून रागावते. तुझी रक्ततपासणी झाली असेल तर अहवाल पाठव, आणि झाली नसेल तर उद्याच करून घे.

तुझे,
बाबा