आठव्यांदा पिसल्यावर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, त्याला पत्ते कारण आहेत. रोज रात्री कॅट घेऊन बसतो. खेळत नाही, नुसता पिसतो.

पिसायचं असं: ५२ पत्त्यांचे बरोब्बर २६-२६ चे दोन गठ्ठे करायचे आणि एक इकडचा, एक तिकडचा असे एकाआड एक गुंफायचे. सगळ्यात वरचा पत्ता वरच राहतो, तळाचा तळाशी. जादूगार याला फारो म्हणतात. असं आठ वेळा केलं की कॅट होता तसा परत लागतो. हे वाचून ठाऊक होतं, पण हातून घडेपर्यंत खरं वाटेना. मध्येच एखादा पत्ता निसटला की सगळं पहिल्यापासून! परवा जमलं. सातव्यांदा पिसून झाल्यावर वरचा गठ्ठा पसरून बघितला: बदाम एक्का, तिर्री, पंजी, सत्ती, नव्वी, गुलाम, राजा. खालच्या गठ्ठ्यात दुर्री, चौकी, छक्की... सगळे आपापल्या जागेच्या दारात उभे. शेवटचं गुंफण केलं आणि अंगावर काटा आला.

कारण अगदी साधं आहे. वरच्या पत्त्याला ० धरून क्रमांक दे. दर वेळी पिसलं की क्रमांक दुप्पट होतो; ५१ च्या पुढे गेला तर ५१ वजा करायचे. आठ वेळा दुप्पट म्हणजे २५६ पट, आणि २५६ ला ५१ ने भागलं की बाकी १, म्हणजे प्रत्येक पत्त्याचा क्रमांक होता तोच.

आता त्यात दोन जोकर घाल. किती वेळा पिसावं लागेल? बावन्न! दोनच पत्ते वाढले आणि आठाचे बावन्न झाले. ५० पत्त्यांना २१ लागतात, ६४ ना फक्त ६. दोन, चार, सहा असे पत्ते वाढवत गेलास तर आकडे येतात १, २, ४, ३, ६, १०, १२, ४, ८, १८... गणितज्ञ नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवायला घेतलेल्या, आकड्यांच्या अनुक्रमांच्या कोशात ही ओळ ए००२३२६ या क्रमांकावर आहे. ती इतकी वरखाली उड्या मारते की मला तिचं वेडच लागलंय.

त्यातही ६ ला ४, १२ ला १०, १४ ला १२, ५४ ला ५२ हे बघ: पत्त्यांपेक्षा दोनच कमी. याहून जास्त वेळा लागूच शकत नाही. असे कॅट अनंत आहेत का? गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मूळ संख्यांविषयी मांडलेली अटकळ खरी असेल तर हो. १९६७ मध्ये हूली या गणितज्ञाने ती सिद्ध केली, पण रीमानचं व्यापक गृहीतक, म्हणजे मूळ संख्यांशी निगडित आणखी एक मोठी अटकळ, खरं धरून. आणि ते गृहीतक स्वतःच अजून सिद्ध व्हायचंय. हातात मावणाऱ्या पत्त्यांचा प्रश्न इतका खोल जातो, हे मला झोपू देत नाही.

तू आठ पत्त्यांपासून सुरू कर, तिसऱ्यांदा पिसलंस की जागेवर येतील. मी आता जोकर घालून बसतो.

तुझा,
विनय