बाळ्या, बोट उमटत नव्हतं

प्रिय बाळ्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. तुझे दोन मिस्ड कॉल आणि पाडव्याचा मेसेज, तिन्हीला उत्तर नाही, माहितीय मला. कामात होतो वगैरे म्हणणार नाही, तू ओळखतोस. तब्येत बरी आहे, शुगर काठावर, गुडघा आहे तसाच, बायको-पोरगी मजेत. झालं.

आता खरं. मी इथल्या, ब्रिटनच्या नागरिकत्वाचा अर्ज टाकला. 14 जुलैला. दादाला सांगितलंय, नाम्याला नाही, आणि तुलाही असा मेसेजवर सांगायला नको वाटलं म्हणून राहिलं. परवा त्याचीच अपॉइंटमेंट होती, फोटो आणि बोटांचे ठसे द्यायची. तिथून आल्यापासून दोन रात्री धड झोप नाही. कारण हास्यास्पद आहे, ते फक्त तुलाच कळेल. पण सरळ सांगता येत नाहीये, जरा फिरून येतो, माझी सवय तुला माहितीय.

तर अर्ज ऑनलाइन. पैसे भरले की तो तुला दुसऱ्याच एका साईटवर ढकलतो, तिथं स्लॉट घ्यायचा. स्लॉट दोन प्रकारचे, फुकटचे आणि पैशाचे. पैशाचे इथं लीड्समध्ये उद्याचे पण होते, हिरवेगार. फुकटचे कुठंच नाहीत. आता मी सोळाशे पाच पाऊंड फी भरलेला माणूस, वर शपथविधीचे 130, म्हणजे 1,735 पाऊंड गेलेले, आणि मी हटून बसलो की स्लॉट घेणार तर फुकटचाच. अकरा दिवस बाळ्या. रात्री बारा वाजता, पहाटे पाचला उठून रिफ्रेश. आपण तत्काळला बसायचो ना, तू माऊसवर आणि मी मागून 'दाब दाब दाब', तसंच, फक्त मागून ओरडणारं कुणी नव्हतं. शेवटी मिळाला तो सकाळी 8:40 चा, दुसऱ्या गावात, दीड तास ट्रेन. ऐनवेळी काढलेलं तिकीट आणि टॅक्सी धरून जेवढे गेले तेवढ्यात इथलाच पैशाचा स्लॉट आला असता आणि वर चहा. बायको काही बोलली नाही, नुसती बघितली. तू असतास तर चारचौघात सांगत सुटला असतास.

हा कंजूसपणा लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

त्याच्या आधीची सगळी वरात वेगळीच. 24 प्रश्नांची परीक्षा, 45 मिनिटं, 18 बरोबर आले की पास, पन्नास पाऊंड. आठवा हेन्री, त्याच्या सहा बायका, कुणाचं मुंडकं उडवलं आणि कुणाला नुसतं सोडून दिलं, हे मी या वयात पाठ केलं. आपले इतिहासाचे सर असते तर धन्य झाले असते. मग दोन रेफरी लागतात, तीन वर्षं ओळखणारे. नातेवाईक चालत नाहीत. एक तरी इथला पासपोर्टवाला हवा, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्याची सही घेतली. तो मला चार वर्षं ओळखतो आणि चार वर्षं माझं नाव चुकीचं घेतो, आणि त्यानं लिहून दिलं की हा गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. आणि फॉर्ममधले प्रश्न तर वाचायला हवेस तू. युद्धगुन्ह्यात भाग घेतलाय का, वंशसंहारात घेतलाय का, दहशतवादात. मी प्रत्येकाला 'नाही' म्हणताना उगाच घाबरत होतो, बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण जे केलं ते नेमकं कशात बसतं म्हणून.

बरं. तिथं पोचलो. मोबाईलवर क्यूआर कोड दाखवायचा, पासपोर्ट द्यायचा, कागद आधीच अपलोड केलेले असतात त्यामुळे फाईल नुसती मिरवायला. पण मी अख्खी फाईल नेली होती, लग्नाच्या दाखल्यापासून. एक विशीतली मुलगी होती, चांगली होती बोलायला. चष्मा काढा, फोटो झाला, कैद्यासारखा आला. मग काचेवर डाव्या हाताची चार बोटं, हिरवी खूण. उजव्या हाताची चार बोटं, लाल. परत ठेवा. लाल. तिनं काच पुसली, म्हणाली जरा दाबून. लाल. स्क्रीनवर तीन बोटं छान उमटलेली आणि पहिल्याच्या जागी एक अर्धवट डाग. तिनं माझं बोट हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, जुनं आहे का हे? मशीनमध्ये वगैरे गेलं होतं?

मी म्हणालो सायकलच्या चेनमध्ये. ती म्हणाली, अरेरे, स्वतःच? आणि मी तिथं, ब्रिटिश सरकारच्या कॅमेऱ्यासमोर, म्हणालो, नाही, मित्रानं पायडल मारलं.

तुझं नाव नाही घेतलं, घाबरू नको.

सातवीतली गोष्ट. तू अजूनही म्हणतोस की मी 'थांब' म्हणालोच नव्हतो. मी म्हणालो होतो. ते असू दे. पण मला तिथं उभ्या उभ्या काय आठवलं असेल तर काकू. आधी दोघांना एकेक ठेवून दिली, मग माझं बोट पदरात गुंडाळून सरकारी दवाखान्यात. केसपेपरवाल्यानं विचारलं मुलगा तुमचाच का, तर म्हणाल्या दोन्ही माझेच, लवकर लिहा. आणि त्यानं माझ्या नावापुढं तुमचं आडनाव लिहिलं. तीन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि पुढचे पंधरा दिवस ड्रेसिंगला गेलो की कंपाउंडर मला त्याच नावानं हाक मारायचा आणि तू दात काढायचास. या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, तुम्ही आजवर दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखले गेलात का. मी 'नाही' लिहिलंय. सरकारशी खोटं बोललोय म्हणायचं.

बाकी, चौथ्या की पाचव्या खेपेला बोट उमटलं. तिनंच युक्ती सांगितली, बोट कपाळावर घासा, तेल लागतं. वीस मिनिटांत सगळं संपलं. बाहेर आलो आणि स्टेशनवर बाकावर बसलो, दोन गाड्या सोडल्या.

आता ऐक. फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांत तुम्ही या देशाबाहेर किती दिवस होतात त्याची यादी द्यायची असते. निघालो कधी, आलो कधी. पाच वर्षांत 450 दिवस चालतात, शेवटच्या वर्षात 90. जायचा आणि यायचा दिवस धरत नाहीत. मला तारखा आठवेनात, म्हणून एका रविवारी जुने मेल, बँकेची स्टेटमेंटं, सगळं उकरून बसलो. मार्च 2022 चे 24 दिवस. ताईच्या पोरीच्या लग्नाचे 19. मागच्या वर्षी दादाच्या ऑपरेशनला 21. मध्ये एकदा स्पेनला पाच. बेरीज 69. बायको म्हणाली अरे वा, काळजीच नाही, 381 शिल्लक आहेत.

381 दिवस शिल्लक. कुणी मागितले नव्हते, कुणी अडवलं नव्हतं.

आणि त्याच उकराउकरीत जून 2021 चं स्टेटमेंट निघालं. तुला ती रात्र आठवत असेल, मला तुझा फोन आला होता, तू म्हणालास आईचं काही खरं नाही, तुझं नाव घेत्येय, ये. आणि मी म्हणालो विमानं बंद आहेत रे. तू म्हणालास बरं. एवढंच म्हणालास, बरं. नंतर आठ दिवसांनी काकू गेल्या आणि मी फोनवर, व्हिडिओ लावून, तुझ्या चुलतभावानं मोबाईल धरलेला, मला धड दिसतही नव्हतं.

विमानं बंद नव्हती, बाळ्या.

कमी होती, महाग होती, पण होती. मे महिन्यात इथून बाहेर जायची बंदी पण उठली होती. अडचण यायची नव्हतीच, परत जायची होती. एप्रिलमध्ये इथल्या सरकारनं भारताला कोरोनाच्या लाल यादीत टाकलं होतं, परत येणाऱ्यानं दहा दिवस सरकारी हॉटेलात काढायचे, स्वतःच्या पैशानं. एका माणसाचे 1,750 पाऊंड. मी ते पान उघडून बसलो होतो. तुझा फोन आला तेव्हा ते माझ्यासमोर उघडं होतं. रुपयात गुणाकार केला, पावणेदोन लाखाच्या वर गेला, आणि मी लॅपटॉप मिटला आणि तुला म्हणालो विमानं बंद आहेत. त्या दिवशी खात्यात 4,112 पाऊंड होते. स्टेटमेंटवर आहे. मी इतकी वर्षं स्वतःला पण सांगत आलो की तेव्हा पैसेच नव्हते. होते.

इतकं धडधडीत खोटं की मीच त्यावर विश्वास ठेवला. नाम्याला सांगितलं, दादाला सांगितलं, मार्च 2022 ला तुझ्याकडं आलो तेव्हा तुमच्या बाहेरच्या खोलीत बसून परत सांगितलं, 'काय करणार, विमानंच बंद'. तू तेव्हा उठून पंखा वाढवलास. तेव्हा पंख्याची गरज नव्हती. तुला तेव्हाच माहीत होतं का? तुझा मेव्हणा त्याच महिन्यात परदेशात गेला होता ना, म्हणजे काय उडतंय काय नाही तुला कळत असणार. मी हे दोन दिवस तेच मनात घोळवतोय, की बाळ्याला ठाऊक होतं आणि त्यानं मला चार वर्षं खोटं बोलू दिलं. खरं सांगू, राग आला मला तुझा. मग राग आल्याची लाज वाटली. मग परत राग आला, कारण तू गणपतीच्या वर्गणीतले चाळीस रुपये अजून काढतोस आणि याबद्दल एक अक्षर नाही.

आणि आता हे 1,735 मी एका बैठकीत भरले. कार्ड टाकलं, ओटीपी टाकला, झालं. त्याच्यापेक्षा पंधरा पाऊंड कमी. मला तिथं काचेवर बोट दाबताना हा हिशोब सुचला आणि त्यानंतर ती मुलगी काय बोलत होती मला कळलं नाही.

फॉर्ममध्ये 'चारित्र्य' म्हणून अख्खा विभाग आहे. गाडीचा दंड, कर बुडवला का, कोर्टाचं काही. मी सगळीकडं स्वच्छ निघालो.

दादाची चिंता वेगळीच, त्याला सातबाऱ्याची पडलीय. त्याला सांगितलं की आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, हे घेतलं की ते आपोआप जातं, 1955 च्या कायद्यातच आहे तसं, मग जुना पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय कार्ड काढायचं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. मत देता येणार नाही, शेतजमीन नवी विकत घेता येणार नाही, वारसानं आलेली राहते. तो म्हणाला मग ठीक आहे. एवढ्यावर त्याचं भागलं. इकडं निकालाला सहा महिने लागू शकतात, मग बोलावणं आलं की तीन महिन्यांत शपथ घ्यायची, राजे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी एकनिष्ठ राहीन म्हणून. देवाला स्मरून घेता येते नाहीतर नुसतीच. मी नुसतीच घेणार, देवाला कुठं मध्ये घालू, त्याच्याकडं जून 2021 चं स्टेटमेंट असणारच.

तुला हे फोनवर सांगता आलं नसतं, तू 'बरं' म्हणाला असतास. म्हणून लिहितोय. 'जाऊ दे रे' असं लिहू नको प्लीज. आणि मोठं मनबिन दाखवू नको, ते तुला शोभत नाही. ठाऊक होतं की नव्हतं एवढं सांग.

बाकी तुझं काय. पोराची अकरावीची ॲडमिशन झाली का, कुठल्या शाखेला गेला? वहिनींची नोकरी पर्मनंट होणार होती त्याचं काय झालं? दुकानाचं छत गळतंय म्हणाला होतास, पावसाळा निम्मा गेला आता, केलंस की अजून बादल्याच? आणि त्या पाठीला दाखव रे कुणाला तरी, नुसतं मलम चोळू नको.

मी डिसेंबरात येतोय. 11 तारखेला पोचतो, तिकीट काढलंय, बहुधा जुन्या पासपोर्टवरची शेवटची खेप. दादाकडं सामान टाकतो आणि थेट तुझ्याकडं येतो. काकूंची ती निळी ट्रंक तुम्ही अजून ठेवली असेल तर तिच्यात केसपेपर आहे का बघ. त्यांनी कुठलाच कागद कधी फेकला नाही.

तुझा,
ढब्या

ता.क. मी 'थांब' म्हणालो होतो. दोनदा.