वाळूच्या टेकड्या आणि वाऱ्याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या सपाट करण्याचा विषय निघाला की ‘वाळूच ती, वारा पुन्हा आणून टाकील’ असे आपल्या गोव्यातील पेडणे तालुक्यात सर्रास ऐकू येते. वाळवंटांच्या अभ्यासातून वारा आणि वाळू यांच्याविषयी जे कळले आहे, ते पाहता हे म्हणणे टिकत नाही.

वाळवंटातला खडक नुसत्या वाऱ्याने झिजत नाही. वाऱ्याने उचललेली वाळू त्याला घासते. रॅल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटातील निरीक्षणे आणि वातबोगद्यातील प्रयोग यांच्या आधारे १९४१ मध्ये मांडले, की वाळूचा कण मुख्यतः उड्या घेत पुढे सरकतो आणि खाली आदळताना इतर कणांना उडवतो. ही उडी सहसा मीटरभराच्या वर जात नाही, म्हणून खडक बुंध्याशी अधिक कोरला जातो आणि पाठ्यपुस्तकातला भूछत्र खडक तयार होतो. अर्थात दव आणि क्षार यांचाही त्याला हातभार लागतो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी वायव्येचा वारा सुटला की मांद्रेच्या किनाऱ्यावर हेच अनुभवता येते. घोट्यांना वाळू सपासप टोचते, चेहऱ्यापर्यंत मात्र क्वचितच एखादा कण पोहोचतो.

इराणच्या लूत वाळवंटातील यारदांगांच्या, म्हणजे वाऱ्याने कोरलेल्या कंगोऱ्यांच्या, लांबच लांब रांगा कोरल्या जायला हजारो वर्षे लागली. चंद्रकोरीसारखी बारखाण टेकडी मात्र एका वर्षात कित्येक मीटर पुढे जाते, कारण वाऱ्याकडच्या मंद उतारावरून चढलेले कण माथ्यापलीकडे तीव्र उतारावर घसरत राहतात आणि त्यांना अडवणारे तिथे काहीच नसते.

आपल्याकडे वाळू अडवण्याचे ते काम मर्यादवेल ही किनाऱ्यावर पसरणारी वेल आणि रावणाच्या मिशा हे काटेरी गवत करतात. पानांशी वारा मंदावतो, कण खाली पडतो, वेल त्या थरातून पुन्हा वर येते आणि टेकडी उंचावत जाते. वेलींसकट टेकडी खरवडली, तर वारा वाळू आणीलही, पण ती तिथे ठरणार नाही. रस्त्यांवर, अंगणांत आणि बागायतीत शिरेल. राजस्थानातील थर वाळवंटाच्या सरकत्या टेकड्या थोपवण्यासाठी जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेला काट्याकुट्यांचे आडोसे उभारून गवत आणि झाडे लावण्याचे तंत्र विकसित करावे लागले. आपल्याला आयते मिळालेले तेच संरक्षण आपण उपटून फेकतो, याचे मला फार वाईट वाटते.

किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संवेदनशील गटात ठेवले आहे. तेव्हा पर्यटन हंगामातील शॅकना, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या उपाहारगृहांना, परवाने देण्यापूर्वी वेलींची हद्द प्रत्यक्ष जागेवर खुंट्या मारून आखावी, किनारा सफाईच्या नावाखाली मर्यादवेल काढण्यास पंचायतींनी मनाई करावी आणि ये-जा करण्यासाठी टेकडीवरून लाकडी पायवाट उभारावी, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, मांद्रे-पेडणे