हँडलर जोडायला शिकवता, सोडवायलाही शिकवा

महोदय,

काउंटरवरचा प्रोग्रॅम सकाळी चपळ असतो आणि दुपारी चारपर्यंत रखडू लागतो. मग कर्मचारी तो बंद करून पुन्हा सुरू करतो आणि रांग ताटकळते. खापर फुटते ते जुन्या संगणकावर. विंडोजवरचे प्रोग्रॅम लिहिण्यात बरीच वर्षे घालवल्यावर सांगतो, की अनेकदा दोष यंत्राचा नसून आम्हा प्रोग्रॅमरांचा असतो.

डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग मंचावर नको असलेली मेमरी गार्बेज कलेक्टर हा त्यातलाच भाग आपोआप मोकळी करतो, या भरवशावर आम्ही निर्धास्त असतो. परंतु ज्या ऑब्जेक्टचा, म्हणजे मेमरीतल्या घटकाचा, संदर्भ कोणीतरी जिवंत धरून ठेवला आहे, त्याला तो हात लावत नाही. आपण घडवलेल्या एखाद्या कंट्रोलने (स्क्रीनवरच्या घटकाने) प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकणाऱ्या स्टॅटिक इव्हेंटला (घडामोडीच्या वर्दीला) हँडलर, म्हणजे ती वर्दी आल्यावर चालणारा कोड, जोडला, की कंट्रोलचा संदर्भ त्या इव्हेंटकडे राहतो आणि स्क्रीन बंद झाली तरी तो कंट्रोल, त्यातल्या याद्या व चित्रांसह, मेमरीत अडकून पडतो. स्क्रीन दिवसात 200 वेळा उघडली, तर 200 प्रती साचतात. विंडोजच्या सेटिंग बदलल्याची वर्दी देणारा 'यूझरप्रेफरन्सचेंज्ड' हा असाच इव्हेंट असून, हँडलर न काढल्यास मेमरी गळेल, असे मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातच बजावले आहे. कंट्रोलने आपल्याच पोटातल्या बटणाला जोडलेल्या हँडलरची मात्र धास्ती नको; ते दोघे एकदमच जातात.

विंडोज फॉर्म्स या स्क्रीन बनवण्याच्या साधनात हँडलर 'डिस्पोज'मध्ये, म्हणजे कंट्रोल मोडीत काढताना चालणाऱ्या कोडमध्ये, काढावा, एवढे पुरते. डब्ल्यूपीएफ या तशाच दुसऱ्या साधनात 'अनलोडेड'ला, म्हणजे कंट्रोल स्क्रीनवरून हटल्याच्या इव्हेंटला, काढावा लागतो, पण टॅब बदलल्यावरही तो इव्हेंट येत असल्याने जोडणी कन्स्ट्रक्टरऐवजी (कंट्रोल घडताना एकदाच चालणाऱ्या कोडऐवजी) 'लोडेड'मध्ये, म्हणजे कंट्रोल स्क्रीनवर आल्याच्या इव्हेंटमध्ये, करावी. नाहीतर टॅबवर परतल्यावर कंट्रोल बहिरा झालेला आढळतो. लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी निनावी फंक्शन, लिहून जोडलेला हँडलर तोच मजकूर पुन्हा लिहून सुटत नाही, आणि वाईट म्हणजे चूकही दाखवली जात नाही. सोडवण्याची वेळच ठरवता येत नसेल, तेथे 2012 साली डॉटनेट 4.5 मध्ये आलेला जेनेरिक 'वीकइव्हेंटमॅनेजर' आहे; तो कंट्रोलला मेमरीत अडकवून ठेवत नाही.

मुलाखतीला येणाऱ्या नव्या पदवीधरांना हँडलर जोडणारे अधिक-बरोबर (+=) हे चिन्ह तोंडपाठ असते. तो सोडवणारे वजा-बरोबर (-=) कुठे लिहाल, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. महाविद्यालयांनी एका प्रात्यक्षिकात तीच स्क्रीन 100 वेळा उघडून-मिटवून घ्यावी आणि दर दहा वेळांनंतरचा मेमरीचा आकडा विद्यार्थ्यांना वहीत नोंदवायला लावावा, अशी माझी विनंती आहे.

– एक संगणक अभियंता, पुणे