आम्ही पुणे पाळीपाळीने पाहिलं

मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. माझे यजमान मोंढ्यातल्या एका अडत दुकानात मुनीम आहेत. लग्नाला २७ वर्षं झाली. लग्नकार्यं, बारशी, दवाखाने आणि पंढरपूर सोडलं तर एवढ्या वर्षांत आम्ही दोघं मिळून कुठेही गेलो नव्हतो. मुलगी सासरी रुळली, मुलगा नोकरीला लागला. मग या दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज आटोपली आणि आम्ही कोकणात जायला निघालो.

कोकणातलं फिरणं बहुतेक एसटीने केलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आहे. माझ्या तिकिटातले वाचलेले पैसे मी वहीत वेगळे मांडत गेले आणि त्यातूनच सुट्टीचे शेवटचे तीन दिवस शहरांत काढायचं ठरलं, एक दिवस मुंबई आणि दोन दिवस पुणे. हे मुद्दाम सांगते, कारण सरकारच्या सवलतीमुळेच आम्ही शहरापर्यंत पोचलो, आणि माझी तक्रार आहे ती शहरात पोचल्यानंतरची.

कोकणाबद्दल जास्त लिहीत नाही, तिथे सगळं चांगलं झालं. हर्णैहून होडीने सुवर्णदुर्गाला गेलो, गणपतीपुळ्याला समुद्र पाहत दोन संध्याकाळी बसलो. मुंबईत गेटवे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत पाहिली. १८८८ साली पूर्ण झालेलं ते बांधकाम यांनी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून अर्धा तास न्याहाळलं. दिवस सुरेख गेला. तो तसा का गेला, हे मात्र मला पुण्यात आल्यावर कळलं. आमचं सामान डोंबिवलीला भाच्याच्या घरी होतं, आंघोळपाणी तिथेच झालं होतं आणि सुनेने दुपारचा डबा बरोबर दिला होता. पुण्यात आमचं कुणीच नाही.

पुण्यातला पहिला दिवस चांगला गेला. दुपारी लॉजवर सामान टाकलं आणि आगाखान पॅलेसला गेलो. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना अटक करून इथे आणलं आणि ६ मे १९४४ ला सोडलं, हे मी वर्गात सांगितलेलं होतं. महादेवभाई देसाई अटकेनंतर सहाच दिवसांत, १५ ऑगस्ट १९४२ ला इथेच गेले, हेही ठाऊक होतं. पण आवारात मागच्या बाजूला महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या समोर दिसल्या तेव्हा शिकवलेलं सगळं बाजूला राहिलं. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या, नवऱ्याबरोबर कैदेत असताना, याच वास्तूत. यजमान एरवी फारसं बोलत नाहीत. तिथे त्यांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "बासष्ट वर्षांचा संसार ना गं यांचा?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ आम्ही दोघं काही न बोलता तिथेच थांबलो. साहेब, ही जागा मी एकटीने पाहिली असती तर ती मला निम्मीच दिसली असती. आपण या पत्रातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लॉजची खोली सोडायची होती आणि परतीची गाडी होती रात्रीची. लॉजवाल्यांनी सांगितलं, खोली रिकामी झाली की सामान ठेवून घेत नाही. मी पैसे देऊ केले, तरी नाही. एका बॅगेची चेन हर्णैलाच तुटली होती, ती सुतळीने बांधलेली. दुसरी बॅग यांची. शिवाय दोन कापडी पिशव्या, त्यात आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि आगळाच्या दोन बाटल्या. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत. चोरीमारीचे दिवस आहेत, नियम बरोबरच आहे. पण सुतळीला कुलूप कुठे लावणार?

मेट्रोने मात्र आनंद दिला, तेही लिहायला हवं. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा जमिनीखालचा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. स्वारगेटहून कसबा पेठेला आम्ही चार डाग घेऊन काही मिनिटांत पोचलो. सरकत्या जिन्यावर यांनी माझा हात धरला होता. स्टेशन स्वच्छ, लिफ्ट चालू, बोलणं सभ्य. वर रस्त्यावर आलो आणि तिथून आमचं पर्यटन संपलं, हमाली सुरू झाली.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभं राहून त्यावरचे अणकुचीदार खिळे पाहायचं माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते बसवलेले आहेत, असं मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून मुलांना सांगते. खिळे पाहिले. पण एका खांद्यावर पिशवी आणि दुसरा हात बॅगेवर ठेवून. आत वाड्याची जोती उरली आहेत. १७३० साली पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला, त्या दगडी जोत्यांवरून कुठे दिवाणखाना आणि कुठे आरसेमहाल असेल याचा अंदाज बांधत सावकाश फिरायचं असतं. आम्ही बॅग उचलत आणि टेकवत फिरलो. हजारी कारंज्याजवळ पिशवीतल्या एका आगळाच्या बाटलीचं झाकण सुटलं आणि माझ्या साडीचा काठ लाल झाला. तो धुवायला पाणी शोधायला गेले तेव्हा दिवसातली दुसरी अडचण समोर आली.

आपण पुरुष आहात की स्त्री, हे ध्यानात न घेता स्पष्ट लिहिते. त्या दिवशी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत मी जेमतेम एक पेलाभर पाणी प्यायले. बाटलीच्या टोपणात ओतून घोट घोट घेत होते. पेठेतल्या एका स्वच्छतागृहाची बायकांची बाजू कुलूपबंद होती. चावी कुणाकडे विचारलं तर शेजारच्या टपरीकडे बोट दाखवलं, टपरीवाला म्हणाला चावी घेऊन गेलेला माणूस जेवायला गेलाय. दुसऱ्या ठिकाणी उघडं होतं, पण आत पाय ठेवण्याजोगं नव्हतं. माझ्याबरोबर प्रवास करणारी प्रत्येक बाई हेच करते, पाणी पीत नाही. आई तेच करायची, मुलगीही तेच करते. आम्ही एकमेकींना तेच शिकवलंय, आणि याची मला शिक्षिका म्हणून लाज वाटते.

लाल महालात गेलो. आजची इमारत महानगरपालिकेने बांधून १९८८ मध्ये पूर्ण केलेली आहे, मूळ महाल नव्हे, हे मला माहीत होतं. तरी बाल शिवबा आणि जिजाऊंना सोन्याच्या नांगरासह पाहून डोळे भरून आले. एप्रिल १६६३ मध्ये शायिस्तेखानाची बोटं छाटली गेली, ती जागा हीच, असं मी २२ वर्षं सांगत आले आहे.

आता मुख्य गोष्ट. दुपारी एका संग्रहालयात गेलो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांचा दोष नाही. वागायला ती चांगली होती. आत मोठं सामान नेता येत नाही आणि ते ठेवायला त्यांच्याकडे जागा नाही, एवढंच. दारापाशी लहान बाक होतं. यजमान म्हणाले, "तू जा आधी, मी बसतो." मी म्हटलं, "तुम्ही जा." असं दोनतीनदा झालं. शेवटी ते गेले. मी चार डाग पायाशी घेऊन बसले. ते पाऊण तासाने आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. वरच्या मजल्यावर जुनी कुलपं आहेत म्हणाले, विंचवाच्या आकाराचं एक आहे, ते पाहच. मी आत गेले. खालचा मजला पाहून होतो न होतो तोच बंद व्हायची वेळ झाली आणि सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं. ते कुलूप मी पाहिलं नाही. रात्री गाडीत त्यांनी हाताने आकार करून दाखवला, शेपटीपासून किल्ली कशी घालतात तेही सांगितलं. मीही खाली पाहिलेल्या अडकित्त्यांचं आणि दिव्यांचं सांगितलं. असं आम्ही २७ वर्षांनी मिळालेल्या सहलीचा शेवटचा दिवस पाळीपाळीने पाहिला आणि मग एकमेकांना तोंडी सांगितला.

साहेब, किंवा बाईसाहेब, शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, रस्ते आणि स्वच्छतागृहं महानगरपालिकेकडे, मेट्रो मेट्रोच्या कंपनीकडे आणि क्लोकरूम रेल्वेकडे, हे मला ठाऊक आहे. जिल्हा परिषदेत नोकरी करते, कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो ते चांगलं कळतं. पण घरी पाहुणा आला तर स्वयंपाकघर जावेचं आणि पडवी दिराची, असं आपण त्याला सांगत बसत नाही. पाहुण्याला दोघींनी मिळून पाणी द्यायचं असतं. राज्यात पाहुण्याचं खातं म्हणून जे आहे ते आपलं आहे, म्हणून पत्र आपल्याला लिहिलं.

माझं मागणं मोठं नाही. शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा, तुळशीबाग आणि १८८६ मध्ये सुरू झालेली मंडई हे सगळं कसबा पेठ आणि मंडई या दोन मेट्रो स्टेशनांच्या भोवती पायी फिरण्याएवढ्या अंतरात आहे. या दोनपैकी एका स्टेशनात आणि स्वारगेटला एसटी स्टँडजवळ सामान ठेवायची एक एक खोली करून द्या. कुलूप असो नसो, सुतळीने बांधलेलं असो, पावती फाडून ठेवून घेणारी. डागामागे पन्नास रुपये घ्या, आनंदाने देऊ. खोलीला लागून बायकांचं स्वच्छतागृह असू द्या आणि ते चालवायला पगारी माणूस ठेवा. बचत गटाच्या बायकांना दिलंत तर त्या ते घरासारखं ठेवतील, माझ्या तालुक्यात शाळांचा पोषण आहार त्याच शिजवतात. आणि त्या खोलीच्या भिंतीवर एक मराठी फलक लावा, कोणती वास्तू कोणत्या वारी बंद असते आणि किती वाजता बंद होते याचा. तो सकाळीच दिसला असता तर आम्ही संग्रहालयात आधी गेलो असतो.

पैसे नाहीत असं कुणी म्हणालं तर मला पटणार नाही. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत, आणि शिवनेरी, लोहगड, राजगड हे तीन पुणे जिल्ह्यात. ते पाहायला लातूर, जालना, बुलढाण्याहून जी जोडपी निघतील ती उतरणार पुण्यात आणि परतीची गाडीही पुण्यातूनच पकडणार. सुट्टीचा शेवटचा दिवस त्यांना इथेच काढायचा आहे. गाडी करून येणाऱ्याचं सामान डिकीत राहतं, मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्याचं हॉटेलात राहतं. उरलेल्यांचं बाईच्या पायाशी राहतं.

एक गोष्ट लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. पुण्याला यायचं माझं खरं कारण गंज पेठेतला फुलेवाडा हे होतं. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरची विहीर अस्पृश्यांसाठी खुली केली, तिच्या काठाशी मला उभं राहायचं होतं. यांना तसं निघतानाच सांगून ठेवलं होतं आणि यांनी ते खिशातल्या डायरीत लिहून घेतलं होतं. संग्रहालयातून बाहेर आलो तेव्हा अंधार पडत होता. यांचा गुडघा सुजला होता, माझं डोकं पाण्याविना ठणकत होतं, दोन रिक्षावाल्यांनी सामान पाहून नाही म्हटलं. वाटेत भिडेवाड्याची जागा लागली. १८४८ साली मुलींची शाळा इथे भरली. जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये उतरवली, आता स्मारक व्हायचं आहे. मी पिशव्या खाली ठेवून नमस्कार केला. यजमान म्हणाले, "फुलेवाड्याला जाऊ, मी बसतो सामानापाशी इथेच." मी नको म्हटलं. एकटीने नाही जायचं होतं मला तिथे.

३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंची जयंती असते. चौथीच्या मुलींना मी दिवाळीआधी सांगून गेले होते की विहीर पाहून येते, मग तुम्हाला सांगते. शाळा उघडली त्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीने उभं राहून विचारलं, "बाई, विहिरीत पाणी आहे का अजून?"

मे महिन्यात आम्ही परत येणार आहोत. तोवर या ३ जानेवारीला मी पुस्तकातलीच विहीर सांगीन.

आपली नम्र,
एक शिक्षिका,
जि. परभणी