कलेचा तास डोकं हलकं करायला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला शाळेतल्या कलाविषयांवरचा लेख वाचला. चित्र, नाटक, नाच यांमुळे डोकं हलकं होतं आणि मुलं ताजीतवानी होऊन पुन्हा गणिताकडे वळतात, असं लेखिकाबाईंनी मोठ्या मायेने लिहिलं आहे. त्यांनी शाळेच्या नाटकाचं नेपथ्य कधी केलेलं दिसत नाही. मी केलं आहे.

मला खरं तर नाटकात काम करायचं होतं. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही असं ठरलं आणि माझी रवानगी पडदे रंगवणाऱ्यांत झाली. (ज्याला काहीच येत नाही त्याला तिकडे धाडायचं, अशी रीत असावी.) नाटकात जंगल होतं. चौकटींवर कापड ताणून बसवायचं, डिस्टेंपरचा पहिला हात पुरता वाळू द्यायचा, मग झाडं. पान न् पान रेखलं तर दुरून सगळं एकच हिरवं दिसतं, म्हणून सारखं मागे जाऊन बघायचं, पुढे येऊन खोडायचं. पिवळट, निळसर, मळकट असे कितीतरी हिरवे आम्ही घोटून तयार केले. डोकं अजिबात हलकं झालं नाही.

रंगीत तालमीला सूर्यास्ताचा प्रवेश आला. प्रकाशयोजनेवाल्या सरांनी दिव्यांवर लाल जिलेटिन (उजेड रंगवणारा पारदर्शक कागद) चढवलं आणि आमच्या जंगलाचा कोळसा झाला. हिरवा रंग लाल उजेड गिळून टाकतो, परत पाठवायला त्याच्याकडे जवळपास काही उरत नाही. नायिकेची पांढरी साडी मात्र लालबुंद झळकत होती. ‘वातावरण मस्त जमलंय,’ असं सर म्हणाले.

मग मी आणि मैत्रिणीने उरलेले जिलेटिनचे तुकडे टॉर्चवर धरून रंगाचा एकेक डबा तपासला. डब्यातला लाल आणि हिरवा एकत्र केला की चिखलासारखा तपकिरी होतो, पण तेच दोन रंग उजेडाचे असले तर पिवळा दिसतो. अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी जिलेटिनमधून लाल आणि हिरवा दोन्ही उजेड जातात, म्हणून त्यात संध्याकाळही होते आणि झाडंही जिवंत राहतात. विज्ञानात यावर मी पूर्ण गुण मिळवले होते. कळलं मात्र त्या विंगेत. आम्ही अंबर लावून बघायची विनंती केली, तर ‘चित्रकलेच्या मुलींनी लाइटमध्ये लक्ष घालू नये’ असं उत्तर मिळालं. प्रयोग काळ्या जंगलातच झाला. कार्यक्रमपत्रिकेत मंडपवाल्याचं नाव होतं, आमच्यापुढे ‘नेपथ्य : विद्यार्थी’ एवढंच.

लेखात संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराच्या कलम ३१चा दाखला देऊन विश्रांतीचा हक्क सांगितला आहे. कृपया तेच कलम पुढे वाचावं. विश्रांती आणि खेळ यांच्याबरोबर तिथे कलांमधला सहभाग वेगळा नोंदवला आहे. म्हणजे करार लिहिणाऱ्यांनाही कला ही विश्रांती वाटली नव्हती. आमच्या शाळेला वाटते. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो. गणिताचा तास नाटकाच्या तालमीला मिळाल्याचं कुणी पाहिलं असल्यास जरूर कळवावं.

जाता जाता, आपल्या बालचित्रांच्या पानाबद्दल. तिथे छपाईच्या चार शाया एकमेकींवर नीट बसत नाहीत. माझ्या धाकट्या भावाच्या होडीला एक निळी आणि एक गुलाबी अशा दोन कडा आल्या होत्या, आणि चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्याच पानावरची क्लासची अर्धं पान जाहिरात मात्र अगदी रेखीव छापली होती. तेवढीच काळजी मुलांच्या चित्रांचीही घ्यावी, ही विनंती.

आपली,
दहावीतली एक विद्यार्थिनी
(नाव छापू नये, नेपथ्याला तसंही छापत नाहीत.)