कंट्रोलर माझ्याच हातात राहू दिल्याबद्दल

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

तोंडावर आभार मानले की तू विषय बदलतोस, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथून तुला सटकता येणार नाही.

‘द इन्व्हिन्सिबल’ हा व्हिडिओ गेम अखेर संपवला. मूळची ही पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांची १९६४ची विज्ञानकादंबरी, मी कॉलेजात असताना वाचलेली. लेम पोलंडमधल्या ज्या क्राकूफ शहरात राहिले, तिथल्याच स्टारवर्ड इंडस्ट्रीज या स्टुडिओने २०२३मध्ये तिच्यावर गेम काढला, हे तुझ्याकडूनच कळलं. मी लगेच विचारलं, “रोहान आहे ना त्यात?” तू म्हणालास, “कोण रोहान?” कादंबरीचा नायक तुला माहीत नाही आणि गेमची नायिका यास्ना मला माहीत नाही, अशी आपली जोडी!

आधी तर मला सरळ चालताही येईना. एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने बघायचं. मी आपली खडकाला नाक लावून उभी. वर गरगरायला लागलं ते वेगळंच. तू कॅमेऱ्याची संवेदनशीलता कमी केलीस, सबटायटल्स लावून दिलीस आणि म्हणालास, “मावशी, मान वळवायच्या आधी थांबत जा, आणि नजर लांबच्या डोंगरावर ठेव.” एवढ्यावर माझं काम झालं. मुख्य म्हणजे, “आण इकडे, मी करून देतो” असं तू एकदाही म्हणाला नाहीस. हे भल्याभल्यांना जमत नाही.

यास्नाचा यानावरचा प्रमुख नोविक रेडिओवरून काही विचारायचा आणि उत्तर निवडायला जेमतेम काही क्षण मिळायचे. माझं वाचून होईपर्यंत वेळ निघून जायची आणि यास्ना गप्पच राहायची. मी तुझ्याकडे बघायचे, तू छताकडे. “गप्प राहणं हेही उत्तरच आहे,” एवढंच म्हणालास. मग मीही मुद्दाम गप्प राहायला लागले. नोविकला काय वाटलं असेल ते असो.

खडकांतून निघालेल्या त्या धातूच्या झुडपांजवळ यास्ना निरखत उभी राहिली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. हे काय आहे ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. पुस्तक नुसतं पडद्यावर उतरवलं असतं तर ही गंमत आली नसती. ‘इन्व्हिन्सिबल’ हे यान रेजिस ३ या ग्रहावर पोचण्याआधीची गोष्ट त्यांनी घेतली, तीही प्रतिस्पर्धी गटातल्या एका जीवशास्त्रज्ञ बाईच्या नजरेतून, आणि लेमच्या ग्रहाला धक्का लावला नाही. हे मला फार पटलं. तक्रार एकच: यास्ना चालते फार संथ. माझ्या वयाला ते सोयीचं, पण तू कसा सोसलास कोण जाणे.

आणि हो, मध्येच बंद करून पुन्हा लावलं की झालेली गोष्ट कॉमिकच्या चौकटींतून दिसते, त्याचा मला किती आधार! आदल्या दिवशी कुठे होतो, हे तुला विचारावं लागलं नाही.

शेवट एकाहून अधिक आहेत म्हणतोस. माझ्या वाट्याला कोणता आला ते इथे लिहीत नाही. तुझा कोणता होता ते फोनवर सांग.

कादंबरी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. लाउडा नावाचा शास्त्रज्ञ त्या ग्रहावरच्या यंत्रांच्या उत्क्रांतीबद्दल बोलायला लागतो, ती पानं ‘नुसती चर्चा आहे’ म्हणून उलटू नकोस. जमिनीवर जिवंत काहीच नाही, तरी लाखो वर्षं झगडून टिकलेलं काहीतरी आहे, हे तिथे नीट उलगडतं. अडलास तर विचार, पण पुढचं काही मी सांगणार नाही. ही सवय तूच लावलीस.

तुझी,
मावशी